कोलेस्टेरॉलच्या आकड्यात आत्महत्येचा धोका शोधू नका

संपादक महोदय,

‘कोलेस्टेरॉल कमी असेल तर आत्महत्येचा धोका वाढतो’ अशा बातम्या वाचून काही रुग्ण कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करतात. म्हणून हे पत्र.

शंका निराधार नाही. 1990 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका विश्लेषणात कोलेस्टेरॉल उतरवणारे उपचार घेणाऱ्यांत अपघात, हिंसा आणि आत्महत्या यांमुळे झालेले मृत्यू जास्त दिसले. पुढे स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांत तशी वाढ आढळली नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मनोरुग्णांत मात्र कोलेस्टेरॉल सरासरीने कमी असल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसते.

पण ते कमी का असते? नैराश्यात भूक मरते, वजन उतरते, त्याबरोबर कोलेस्टेरॉलही उतरते. दारूने यकृत बिघडले किंवा थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी तेच. कित्येकदा तर रक्त घेतले जाते प्रयत्नानंतर, सलाइन चालू असताना; तेव्हा आकडा खाली येणारच. औषधांचा गुंता याहून मोठा. क्लोझापिन हे मनोविकारावरचे औषध ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढवते आणि स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकारात आत्महत्येचा धोका घटवते. मग वाढलेली चरबीच रुग्णाला वाचवते असा भास होतो, श्रेय असते औषधाचे.

आता हिशेब पाहा. समजा, 1000 रुग्णांपैकी 10 जण प्रयत्न करणार आहेत आणि कोलेस्टेरॉलची तपासणी धोका असलेले आणि नसलेले, दोन्ही ओळखण्यात 70 टक्के अचूक आहे. 7 जण सापडतील, पण धोका नसलेल्या 297 जणांवरही शिक्का बसेल. उरलेले 3 ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी जातील. आम्हाला घोर लागतो तो या तिघांचा.

ते सापडतात विचारल्याने. ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंय का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. पूर्वी प्रयत्न झालेला असेल, झोप उडाली असेल, वॉर्डातून नुकतीच सुट्टी मिळाली असेल, तर अधिक जपावे. साठलेल्या गोळ्या नातेवाइकांनी आपल्या ताब्यात घ्याव्यात.

लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) जरूर करावे, पण हृदयासाठी: क्लोझापिन किंवा त्याच गटातले ओलान्झापिन सुरू करण्यापूर्वी, 3 महिन्यांनी आणि मग दरवर्षी. ट्रायग्लिसराइड 400 मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल तर सूत्राने काढलेले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) धरू नये, ते थेट मोजून घ्यावे. स्टॅटिन चालू असताना मन खचल्यासारखे वाटले, तर गोळी थांबवण्याआधी डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

आपले,
मनोविकार विभागात काम करणारे काही वाचक