विरचना म्हणजे खंडन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकीय भाषणांवरील लेखांत ‘डिकन्स्ट्रक्शन’ हा शब्द हल्ली सर्रास भेटतो. नेत्याचे दावे खोडून काढले की त्याच्या भाषणाचे डिकन्स्ट्रक्शन झाले, असे त्यांत धरून चाललेले असते. डिकन्स्ट्रक्शन या संकल्पनेला मराठी समीक्षेत विरचना म्हणतात. हॉटेलात ‘डिकन्स्ट्रक्टेड वडापाव’ या नावाखाली वडा, पाव आणि चटणी वेगवेगळी वाढली जाते, त्याविषयी माझी तक्रार नाही (किमतीविषयी असू शकते). कारण यंत्र दुसऱ्या जागी नेण्यासाठी त्याचे भाग सुटे करणे, हा या शब्दाचा अर्थ जुन्या फ्रेंच शब्दकोशात आधीपासून होता, असे विरचनेची कल्पना मांडणारे फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांनीच एका जपानी अभ्यासकाला १९८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. त्याच पत्रात, विरचना म्हणजे विश्लेषणही नव्हे आणि टीकाही नव्हे, असे ते बजावतात.

मग ती काय, हे त्यांनी १९६८ मध्ये प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादाचे जे वाचन केले त्यावरून कळते. त्या संवादात सॉक्रेटिस बोललेल्या शब्दाला वरचे आणि लिहिलेल्याला खालचे स्थान देतो. लेखनाने स्मरणशक्ती दुबळी होते आणि लिखित मजकुराला काहीही विचारले तरी तो तेच ते सांगत राहतो, असा त्याचा आक्षेप आहे. परंतु जिवंत भाषण कसे असते हे सांगताना, ते शिकणाऱ्याच्या आत्म्यात ‘लिहिलेले’ असते, असे त्यालाच म्हणावे लागते. शिवाय लेखनासाठी तेथे आलेला ‘फार्माकॉन’ हा ग्रीक शब्द औषध आणि विष या दोन्ही अर्थांचा आहे, त्यामुळे लेखन तारक की मारक, याचा निवाडा पक्का होत नाही. देरिदा येथे प्लेटोला बाहेरून खोडत नाहीत, आणि लेखनच श्रेष्ठ असा उलटा निकालही देत नाहीत. ही उतरंड ज्या शब्दांवर रचली आहे तेच शब्द तिला कसे डळमळीत करतात, एवढे ते दाखवतात.

भाषणातली आकडेवारी चुकीची ठरवणे हे उपयुक्त काम आहे, पण त्याला आपल्याकडे ‘खंडन’ हा जुना, नेमका शब्द आहे. उलट एखादा वक्ता ‘आपली माणसे’ आणि ‘बाहेरचे’ अशी विभागणी करत असेल, आणि आपली माणसे कोण हे सांगण्यासाठी त्याला दर वेळी बाहेरच्यांचाच आधार घ्यावा लागत असेल, तर ती अडचण त्याच्याच वाक्यांतून उलगडणाऱ्या लेखाला विरचना म्हणायला माझी हरकत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे