फ्रेडी मर्क्युरीच्या पाचगणीतल्या आठवणी रीतसर नोंदवायला हव्यात

मा. संपादक,
स. न.

५ सप्टेंबरला ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची जयंती आणि २४ नोव्हेंबरला पुण्यतिथी आली की पाचगणीचा उल्लेख असलेले लेख हमखास येतात. शाळेतला कुणी सोबती, कुणाचे तरी काका, बाजारातला एखादा जुना दुकानदार दोन वाक्यं सांगतो. ती छापून येतात आणि पुढच्या वर्षी थोडी फुगून परत येतात. फ्रेडी १९९१ साली गेला तेव्हा ४५ वर्षांचा होता. हयात असता तर आज ऐंशीच्या घरात असता, म्हणजे त्याच्याबरोबर एका डॉर्मिटरीत झोपलेली मुलंही आता त्याच वयाची आहेत. त्यांच्याकडून जे मिळवायचं ते आताच मिळवायला हवं आणि ते नीट मिळवायला हवं. ते कसं करावं यासाठी हे पत्र.

फ्रेडी असताना क्वीन भारतात कधी आलं नाही. त्यामुळे लंडनच्या वेम्बली स्टेडियमची तिकिटं, मैफलींचे फोटो, चाहता मंडळाची मासिकं हा ठेवा तिकडच्या रसिकांकडे आहे आणि ते तो चांगला सांभाळतातही. आपल्याकडचं जे दुसऱ्या कुणाकडेच नाही ते म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतली त्याची वर्षं. झांजीबारच्या स्टोन टाऊनमध्ये जन्मलेला फारोख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, आठ वर्षांचा असताना इथल्या वसतिगृहात आला. पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने इथे दिल्या, टेबल टेनिस आणि मुष्टियुद्ध इथेच खेळला. १९५८ मध्ये पाच मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रँच गिटार वाजवायचा, व्हिक्टरी राणा ड्रम्सवर, फरांग इराणी चहाच्या खोक्याच्या बासवर आणि फारोख पियानोवर. बँडचा मुख्य गायक तो नव्हता. ‘तो शाळेतही पुढे उभा राहून गायचा’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर आधी एवढंच विचारावं की मग ब्रूस मरे काय करत होता?

याच बँडबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ आहे. चहाच्या खोक्याचा बास म्हणजे प्लायवूडचं खोकं उपडं ठेवायचं, वर आलेल्या तळाच्या मध्यावर भोक पाडून त्यात दोरी ओवायची, आतून गाठ मारायची, दोरीचं दुसरं टोक काठीच्या शेंड्याला बांधायचं आणि काठी खोक्याच्या कडेवर टेकवायची. काठी मागे ओढली की दोरी ताणते आणि सूर चढतो. दोरी ओली किंवा सैल असली तर नुसती धपधप होते. तेव्हा खोकं कुठून आलं, दोरी सुताची होती की तातेची, पावसाळ्यात ती सैल पडायची का, हे विचारावं. अशी माहिती कुठल्याही चरित्रात वाचून सांगता येत नाही. जो तिथे होता त्यालाच ती ठाऊक असते. ‘फ्रेडी कसा होता हो?’ या प्रश्नाला मात्र ‘लाजाळू, पण मंचावर चढला की वेगळाच’ हेच ठरलेलं उत्तर येतं, कारण ते सगळ्यांनी वाचलेलं आहे.

वाचलेलं, पाहिलेलं आणि आठवलेलं मिसळून जातं ही यातली सगळ्यात मोठी अडचण. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या त्याच्यावरच्या चित्रपटानंतर तर ती फार वाढली. त्यात १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड मैफलीआधीच फ्रेडी सहकाऱ्यांना आपल्या एड्सच्या आजाराबद्दल सांगतो असं दाखवलं आहे. प्रत्यक्षात निदान १९८७ मध्ये झालं, असं त्याचा जोडीदार जिम हटन याने लिहून ठेवलं आहे. तरी ‘आजारी असूनही त्या दिवशी तो कसा गायला’ या आठवणी लोक मनापासून सांगतात. ते खोटं बोलत नसतात, पडद्यावरचं त्यांच्या स्मरणात जाऊन बसलेलं असतं. म्हणून प्रत्येक विधानाच्या समासात एक खूण करावी: स्वतः पाहिलं असेल तर ‘प’, दुसऱ्याकडून ऐकलं असेल तर ‘ऐ’, वाचलं किंवा पडद्यावर पाहिलं असेल तर ‘वा’. ऐकलं असेल तर कुणाकडून आणि साधारण कधी, हेही लिहावं. ‘ऐ’ आणि ‘वा’ टाकून द्यायचे नाहीत, ते वेगळे ठेवायचे.

साल विचारून साल मिळत नाही. ‘१९६१ की ६२?’ म्हटलं की माणूस अंदाजाने एक निवडतो आणि मग त्यालाच चिकटून बसतो. त्यापेक्षा तेव्हाच्या मोठ्या घटनांचा आधार द्यावा. हे पानशेतच्या आधीचं की नंतरचं (१२ जुलै १९६१)? गोवा मुक्त झाला तेव्हा फारोख शाळेत होता का (डिसेंबर १९६१)? आठ ग्रह एकत्र येऊन प्रलय होणार अशी भीती पसरली होती त्या अष्टग्रहीच्या वेळी घरच्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं होतं का (फेब्रुवारी १९६२)? चीनच्या युद्धाच्या वेळी कुठल्या वर्गात होता (ऑक्टोबर १९६२)? ज्यांची घरं पुण्यात होती ती मुलं पानशेत कधीच विसरत नाहीत आणि त्याच्या आगेमागे बाकीचं आपोआप लागत जातं. फारोख शाळेत नेमका कधी दाखल झाला आणि कधी गेला याबद्दल छापील चरित्रांत एकेका वर्षाचा फरक आहे, तोही अशा उत्तरांतून कमी होऊ शकेल.

काही गोष्टी मात्र लगेच तपासता येतात. ‘मर्क्युरी’ हे नाव त्याने १९७० च्या सुमारास घेतलं. शाळेत तो बलसारा होता, फ्रेडी होता आणि पुढे आलेल्या दातांमुळे ‘बकी’ होता. १९५९ मधल्या प्रसंगात कुणी त्याला ‘मर्क्युरी’ अशी हाक मारली असेल, तर तो संवाद नंतर रचलेला. बीटल्सची स्वतःची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६२ ची, त्यामुळे १९६० च्या स्नेहसंमेलनात हेक्टिक्सने बीटल्स वाजवले असं होऊ शकत नाही. त्या काळात एल्व्हिस, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो ही नावं जुळतात. ‘माझ्याकडे हेक्टिक्सची मूळ कॅसेट आहे’ असं कुणी म्हणालं तर कॅसेट हा प्रकारच १९६३ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला हे लक्षात ठेवावं. मूळ ध्वनिमुद्रण असलंच तर ते स्पूलवर, म्हणजे उघड्या रिळाच्या टेपवर असणार. पत्राच्या मथळ्यावर सहा आकडी पिन कोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. आणि १९४९ ते १९६० मधल्या सरकारी कागदावर जिल्ह्याचं नाव ‘उत्तर सातारा’ असायला हवं.

आता ध्वनिमुद्रण. साधा फोन पुरतो, पण फोनमधलं ठरावीक ॲप आवाज दाबून साठवतं. डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर मुद्रण करणारं ॲप आधी घालून घ्यावं. फोन विमान मोडवर ठेवावा, बॅटरी बचतीची सोय बंद करावी, नाहीतर पडदा काळा झाल्यावर काही फोनांवर मुद्रण गुपचूप थांबतं. फोन टेबलावर थेट ठेवला की कपबशीचा प्रत्येक आवाज टेबलातून आत शिरतो, म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल. तोंडापासून अंतर वीतभर. कॉलरला लावायचा माइक असेल तर उत्तम, फक्त सदऱ्याच्या खिशातला चश्मा आणि बायकांच्या गळ्यातल्या माळा त्यावर घासत नाहीत ना हे पाहावं. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार लावलेलं, आणि कुकरची वेळ टाळलेली. आवाजाचा काटा जास्तीत जास्त उणे १२ डेसिबलपर्यंत जावा. माणूस हसला की पातळी एकदम वर जाते आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. दुसरा फोन राखीव म्हणून चालू ठेवावा. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची नावं स्पष्ट बोलावीत.

बैठक दीड तासाच्या वर नेऊ नये. ऐंशीच्या माणसाचा आवाज त्यानंतर बसतो आणि उत्तरं आखूड होत जातात. दुसरी बैठक आठवड्याने ठेवावी. मधल्या दिवसांत त्यांना आपोआप बरंच आठवतं आणि खरा माल बहुधा दुसऱ्या बैठकीत निघतो. जुना फोटो पहिल्या बैठकीत दाखवू नये, तो पाहिला की माणूस फोटोचंच वर्णन करू लागतो. दोन मित्र एकत्र बसवले तर मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण दोघांची होऊन जाते, म्हणून आधी वेगवेगळे, मग हवं तर एकत्र. त्यांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही तसेच ठेवावेत. आणि मध्ये शांतता पडली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये, मनात दहा अंक मोजावेत.

फोटोंच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार आधी करायला हवा. पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसात काय, मुंबईच्या दमटपणात काय, अल्बमला बुरशी धरतेच. स्कॅनिंगचं काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करावं. सत्तरच्या दशकापासून मिळू लागलेले चिकट पानांचे अल्बम सगळ्यात घातक, त्यातला डिंक फोटोच्या पाठीत मुरतो. फोटो निघत नसेल तर ओढू नये. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून आडवा, हळूहळू सरकवावा. तरीही अडला तर पानासकट स्कॅन करावं. साधा फोटो ६०० डीपीआय (दर इंचातले ठिपके), आगपेटीएवढा असेल तर १२००, निगेटिव्ह किमान २४००, आणि फाइल टिफमध्ये. स्कॅनरची ‘रंग सुधारा’ सोय बंद. फोटोची मागची बाजू न चुकता स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली नावं तिथेच असतात. पाठीवर काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनची टोकाची खूण पुढे उमटते. लॅमिनेशन कदापि करू नये. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो आकसतो आणि त्यातली तारखेची माहिती निघून जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

स्पूल टेप सापडली तर ती लगेच लावून ऐकायचा मोह आवरावा. रीळ उजेडासमोर धरावं. बाजूने उजेड आरपार दिसला तर टेप ॲसिटेटची. ती ठिसूळ असते, ताण आला की कटकन तुटते, पण टोकं सरळ असतात, म्हणून नीट जोडता येते. उजेड दिसला नाही तर बहुधा पॉलिएस्टर. ती तुटण्याआधी लांबते आणि लांबलेला भाग कायमचा बेसूर होतो. व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट कुजायला लागलं आहे, ते रीळ बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवावं. पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. अशी टेप लावली तर ती यंत्रात जाते आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागते. चिकट झालेली टेप मंद उष्णतेत भाजतात हे ऐकून काही जण घरची ओव्हन वापरतात. हा उपाय सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या विशिष्ट पॉलिएस्टर टेपांचा आहे, तो खास यंत्रातच करायचा असतो आणि ॲसिटेटला तर त्याने नुकसानच होतं. कॅसेटमध्ये बहुतेक वेळा टेप चांगली असते, पण तिला हेडवर दाबणारा नमद्याचा तुकडा पडलेला असतो. स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या खोक्यात फीत हलवली की काम होतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एक उदाहरण पुरे. ९ सप्टेंबर १९६९ ला लिव्हरपूलच्या सिंक क्लबमध्ये ‘आयबेक्स’ या बँडबरोबर फ्रेडी गायला आणि बँडच्या एका मित्राने ते टेप केलं. आवाज यथातथाच आहे. पण तारीख, जागा आणि मंचावर कोण कोण होतं हे मित्रांना सांगता आलं, म्हणून क्वीनच्या आधीच्या फ्रेडीचा पुरावा उरला. हीच टेप नावाविना एखाद्या खोक्यात निघाली असती तर ती कोण्या हौशी पोरांची समजून फेकली गेली असती.

पैशाचाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात त्याचा यामाहा पियानो सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. त्यानंतर शाळेच्या वहीतली ‘सही’ विकायला काढणारे वाढले तर नवल नाही. शालेय वयातली सही बलसारा नावाची असणार, ‘फ्रेडी मर्क्युरी’ अशी नव्हे. खरी वस्तू कुणाकडे असेल तर ती विकायची की नाही हा त्यांचा प्रश्न, पण आधी स्कॅन करून एक प्रत मागे ठेवावी अशी त्यांना हात जोडून विनंती.

काही गोष्टी विचारूच नयेत. त्याच्या अस्थी कुठे ठेवल्या हे गुप्त राहावं ही त्याची इच्छा होती. शाळेतल्या मुलांची एकमेकांशी असलेली जवळीक आजच्या नजरेने उकरून काढणं हे तर आठवणींचं काम नाहीच. सांगणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि त्यात तीन पर्याय असावेत: आत्ताच खुलं, माझ्या पश्चात खुलं, फक्त जपून ठेवा. शाळा अजून भरते, तिथे लहान मुलं राहतात. न विचारता फाटकातून कॅमेरा घेऊन आत जाणाऱ्या चाहत्यांमुळे खऱ्या अभ्यासकांनाही दार बंद होतं. पत्र लिहून, सुट्टीतली वेळ मागून जावं.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. यंदा नेहमीच्या लेखाऐवजी शाळेचे त्या काळातले गटफोटो मालकांच्या परवानगीने मोठ्या आकारात छापावेत. शेजारी फक्त बाह्यरेषांचं चित्र, त्यात प्रत्येक डोक्यावर आकडा, आणि खाली पत्ता: ओळखलेल्याचा आकडा, नाव, आणि कशावरून ओळखलं ते कळवा. नावं आधी छापू नयेत, फारोखचंही नाही, म्हणजे दोन वेगवेगळ्या वाचकांनी एकच नाव कळवलं तर त्याला वजन येईल. सातारा, पुणे आणि मुंबई या तिन्ही आवृत्त्यांत ते यावं, कारण ती मुलं आणि त्यांची भावंडं बरीचशी याच पट्ट्यात विखुरलेली आहेत.

आपले,
क्वीनचे काही जुने श्रोते,
वाई व पुणे