काका, त्या एका शब्दासाठी थँक्यू

काका, नमस्कार. नाव कुठे टाकू नकोस म्हणालात म्हणून टाकत नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानणार.

माझ्या आईचे आजोबा मुंबईत पोलीस शिपाई होते. घरी त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगायचे, सरकारी नोकरी लागली होती पण टिकवता आली नाही, पळून गावी आले. माझ्या आजीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, भाऊबंद हे तोंडावर ऐकवायचे. ट्रंकेत त्यांचं १९१० चं मोडी लिपीतलं पत्र होतं, थोरल्या भावाला पाठवलेलं. आधी एकाकडून पैसे देऊन वाचून घेतलं तर त्याने सांगितलं, "कोकणात येतो" असं लिहिलंय. झालं, म्हणजे पळायचं आधीच ठरलं होतं, असंच सगळे समजले.

तुम्ही ते पत्र खिडकीशी नेलंत, भिंग लावलंत आणि पंधरा-वीस मिनिटं एक शब्द बोलला नाहीत. मग म्हणालात, "अगं हे कोकणात नाही, कोयनेल आहे. कोयनेल घेतो." कोयनेल म्हणजे क्विनीन, हिवतापावरचं औषध. आणि पुढची ओळ बोट ठेवून वाचलीत, एक दिवसाआड हिव भरतं, कान सारखे वाजतात, चौकीतले चौघे खाटेवर म्हणून गस्त आम्हालाच. कान वाजतात ते कोयनेलमुळे हेही तुम्हीच सांगितलंत. मला तिथेच रडू आलं, तुम्ही काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केलात, ते मी विसरणार नाही.

तुम्ही सांगितलंत म्हणून मग मी त्या काळाबद्दल वाचत गेले. तेव्हा मुंबईत हिवताप इतका वाढला होता की सरकारने डॉ. बेंटली यांना खास तपासाला नेमलं, १९११ ला त्यांचा रिपोर्ट आला, त्यात घराघरातल्या विहिरींतले डास हे मोठं कारण निघालं, आणि विहिरी बुजवायला लोक धर्माच्या कारणाने तयार नव्हते. हे डास चावतात रात्री, आणि शिपाई रात्रभर रस्त्यावर, त्याच गल्ल्यांत! त्याच्या आधी १८९६ पासून प्लेग होताच. पगाराचं तर काय सांगू, १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस कमिशनने शिपायाला महिना निदान ८ रुपये द्या अशी शिफारस केली, म्हणजे त्याआधी कितीतरी ठिकाणी तेवढेही मिळत नसणार. गिरणीतला विणकर यापेक्षा जास्त कमवायचा, मग पोलिसात कोण टिकणार? माणसं कमी म्हणून उरलेल्यांना जास्त ड्युटी, जास्त ड्युटी म्हणून तीही आजारी, की परत माणसं कमी. माझ्या मते पणजोबा या चक्रात पिचले, त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी एक रात्र तापात गस्त घालून बघायला हवी होती.

काका, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. उलट सगळं पत्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, स्वच्छ अक्षरात उतरवून दिलंत, जिथे कागद फाटलाय तिथे अंदाजाने न भरता रिकामी जागा सोडलीत, हे मला फार भावलं. आधीच्या माणसाने अंदाजानेच तर घोळ घातला होता.

आईला मी ते फोनवर वाचून दाखवलं. ती ७६ वर्षांची आहे. दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाली, आईला हे कळायला हवं होतं गं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन करून मामाला, मावशीला, त्या भाऊबंदांच्या नातवंडांना सुद्धा सांगितलं की आजोबा आजारी होते, पळाले नव्हते.

मे महिन्यात आईला घेऊन तुमच्याकडे येतेय. तिला ती कोयनेलची ओळ तुमच्या भिंगातून स्वतः बघायचीय.