आधी नळी बघा, मग इंजिन खोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण ॲम्बेसिडर म्हटली की तेल गळायचंच, तो तिचा स्वभावच, असा त्यात जो सूर आहे तो काही पटला नाही. अशाच समजुतीपायी आमच्या भागातली कितीतरी चांगली इंजिनं उगाच खोलली गेली.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. दारव्ह्याजवळच्या खेड्यातले एक रिटायर मास्तर गाडी घेऊन माझ्याकडे आले. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, सासऱ्यांची गाडी, वर्षातले आठ महिने कापसाच्या कोठ्याला लागून छपरात उभी. उभी राहील तिथं इंजिनाच्या मागच्या बाजूनं तेलाचं थारोळं. क्लच प्लेट भिजून घसरत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एका गॅरेजात दोनदा गिअरबॉक्स उतरवून झाला होता, आता इंजिनचंच काम काढा म्हणून सांगितलेलं. मास्तर म्हणाले, "भाऊ, बोअर-रिंगांचा खर्च माह्या पेन्शनीत बसत नाही. पाहून घे ना काही जमते काय."

गाडी चालू केली तर डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, आपोआप बोटभर वर आली. तेलाची टोपी काढून तोंडावर किराण्याची पातळ पिशवी धरली, तर ती पुरीसारखी टम्म फुगली. म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पेटीत, हवा कोंडत होती.

इंजिन नवं असो की जुनं, स्फोटाचा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. आम्ही मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. तो बाहेर पडायला वाट हवी. नाहीतर मिळेल त्या पॅकिंगमधून तेल ढकलत निघतो. ॲम्बेसिडरच्या या जुन्या इंजिनाला तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, मागच्या टोकाला रबराचं सीलच नसतं. शाफ्टवर आटे कापलेले असतात, शाफ्ट फिरली की तेल त्यांच्यावरून आत परतते. आतून दाब आला की आट्यांचं काही चालत नाही. मग गिअरबॉक्स दोनदा उतरवा नाहीतर दहादा.

वाटा या इंजिनाला तीन. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरला जाणारा पाइप, तेलाच्या तोंडावरची जाळीची टोपी आणि बाजूच्या झाकणावरून खाली रस्त्याकडे सोडलेली नळी. मास्तरांच्या गाडीत फिल्टरमध्ये तेल येतं म्हणून कोणीतरी पाइपात बोल्ट ठोकला होता. टोपी बिनजाळीची, नवीकोरी, म्हणजे तीही वाट बंद. राहिली नळी. तिच्यात तार घातली तर ती मध्येच अडली. नळी उतरवून आपटली, तेव्हा मातीचे ढेकूळ पडले. कुंभारीण माशीचं घर, तीन खणांचं, आणि खणांत वाळलेले कोळी! मास्तर चष्मा काढून बघतच राहिले.

नळी रॉकेलनं धुतली, बोल्ट काढला, जुन्या भंगारातली जाळीची टोपी धुऊन बसवली. पिशवी पुन्हा धरली, नुसती फडफडली. क्लच प्लेट मात्र बदलावीच लागली. थारोळं गेलं. आता रात्रभरात दोन-तीन थेंब पडतात, तेवढे मी त्या आट्यांना माफ करतो.

वाटा मोकळ्या करूनही पिशवी फुगत असेल, तर मात्र रिंगा गेल्या असाव्यात. तरी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा आणि मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर दोष रिंगांचा, न वाढलं तर इंजिनाच्या वॉलकडे (व्हॉल्व्हकडे) बघा.

खाली सोडलेल्या नळीची एक गंमत आहे. तिचं तोंड तिरपं कापलेलं असतं, गाडी वेगात असली की बाहेरचा वारा आतली वाफ ओढून घेतो. ताशी ४० च्या खाली ही ओढ नसल्यातच जमा. आमच्या पांदणीत बैलबंडीच्या मागे विसाच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला ती काय कामाची? शिवाय लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, आणि त्यातलं थोडं बॅक कॉम्प्रेशनबरोबर चेंबरमध्ये उतरतं. हिवाळ्यात घर ते बाजार एवढीच फेरी होते, इंजिन नीट तापत नाही, मग टोपीखाली लोण्यासारखा पिवळा साका धरतो. तो दिसला की लोक हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) गेलं म्हणून घाबरतात. आधी गाडी यवतमाळपर्यंत एकदा सलग पळवून आणा आणि मग बघा.

हल्ली काहीजण मोबाइलवर बघून ब्रीदरचा, म्हणजे चेंबरचा वायू बाहेर सोडणारा, पाइप थेट मॅनिफोल्डला जोडतात, म्हणजे इंजिन ज्या नळकांड्यातून हवा-पेट्रोल ओढतं त्याला. मधे स्प्रिंगचा वॉल पाहिजे, बाबांनो! कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात ही पद्धत सक्तीची झाली ती त्या वॉलसकट. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डची ओढ जबर असते, तेव्हा तो वाट बारीक करतो. त्याच्याशिवाय जोडाल तर गाडी डुगडुगेल आणि प्लग तेलानं काळे होतील. आणि डिझेल जीपला हा उपाय लागूच नाही, तिच्या मॅनिफोल्डमध्ये ओढच नसते.

तेव्हा पुरवणीत पुन्हा कधी जुन्या गाड्यांवर लिहिलंत, तर ज्यांची गाडी पावसाळाभर छपरात उभी असेल त्यांना एवढं सांगा की सेल मारायच्या आधी खालच्या नळीत तार घालून बघा. जरा जपून घाला. कुंभारीण सहसा चावत नाही, पण तिच्या जागी गांधीलमाशी असली तर ती सोडत नाही.

आपला,
एक जुना मिस्त्री
दारव्हा, जि. यवतमाळ