कृष्णधवल छापलं आणि सूर्यच गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या सागरचित्रावर लेख आला, आधी त्याबद्दल मनापासून थँक्यू, कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या एका तैलचित्राला अर्धं पान देणं आता कुणी करत नाही. पण चित्र कृष्णधवल छापलंत आणि त्यात सूर्य दिसतच नाहीये. मी आधी चष्मा पुसला, मग पेपर खिडकीपाशी नेऊन बघितला. पुढच्या दोन होड्या दिसतात, मागे जहाजांच्या डोलकाठ्या अंधुक दिसतात, पण ज्याच्यावरून चित्राला नाव पडलं तो सूर्य करड्या आकाशात विरघळून गेलाय.

यात छपाईवाल्यांची चूक नाही, हे आधीच सांगतो. हे त्या चित्राचंच वैशिष्ट्य आहे आणि लेखात नेमकं तेच राहिलं म्हणून हे पत्र. मोनेने सूर्य रंगवला तो गडद केशरी, पण त्या केशरीचा उजळपणा आजूबाजूच्या निळसर करड्या धुक्याइतकाच ठेवला, जवळजवळ तेवढाच. खरा सूर्य आकाशापेक्षा कितीतरी पटीने उजळ असतो, दुसऱ्या कुणी पांढरा-पिवळा भरपूर थापून तो चमकवला असता, मोनेने तसं केलं नाही. त्याचा सूर्य फक्त रंगाने वेगळा आहे, उजेडाने नाही, त्यामुळे रंग काढून घेतला की मागे काहीच उरत नाही. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचं कारण फार छान सांगितलंय. आपल्या मेंदूचा जो भाग वस्तू कुठे आहे, हलतेय का, हे बघतो त्याला रंग जवळजवळ कळतच नाहीत, त्याला फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणजे त्याच्या लेखी तिथे सूर्यच नाही, आणि रंग बघणाऱ्या भागाला मात्र तो ठसठशीत दिसतो. दोघांचं जुळत नाही म्हणून तो सूर्य जागेवर स्थिर राहत नाही, थरथरल्यासारखा वाटतो. पहाटेच्या धुक्यात खरा सूर्य असाच तर दिसतो! ज्यांना शंका असेल त्यांनी मोबाइलवर हे चित्र रंगीत उघडावं आणि एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करून बघावं, एका सेकंदात कळेल.

दुसरं, लेखात ‘घाईत उरकलेलं चित्र’ असा शब्द आलाय तो मला लागला. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओत मोने आणि त्याच्या मित्रांचं जे पहिलं प्रदर्शन भरलं त्यात हे होतं, आणि ‘ल शारिवारी’ या पेपरात लुई लरवा या समीक्षकाने याची टर उडवली की भिंतीला लावायचा अर्धवट कागदसुद्धा या सागरचित्रापेक्षा पुरा झालेला असतो. त्या चेष्टेतूनच पुढे या चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव चिकटलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण दीडशे वर्षांनी आपणही तेच म्हणायचं का? चित्र भराभर काढलं असेल, नक्की असेल, कारण तसला सूर्य काही मिनिटंच राहतो, पण केशरी नेमका किती उजळ ठेवायचा हे घाईत जमत नाही, त्यामागे वर्षानुवर्षं आकाश बघितलेलं असावं लागतं.

आणि ते बघायला त्याला शिकवलं कुणी तर यूजीन बूदँने, ज्याचं लेखात नावसुद्धा नाही. बूदँ हाही चित्रकार, १८२४ चा, फ्रान्समधल्या ऑन्फ्लर बंदरातला, दर्यावर्दी बापाचा मुलगा, पुढे समोरच्या ल हाव्र बंदरात त्याचं कागद-फ्रेमचं दुकान होतं. बूदँशी गाठ पडली तेव्हा मोने पोरसवदा, गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा आणि त्यावर खूश होता. बूदँने त्याला उघड्यावर नेलं, समुद्राकाठी, समोर बघून रंगव म्हणाला. मोनेने म्हातारपणीही त्याचं ऋण मानलं. बूदँ स्वतः समुद्रकाठच्या आभाळाची इतकी स्केचेस करायचा की कोरोसारखा मोठा चित्रकार त्याला आभाळाचा राजा म्हणायचा, आणि त्या स्केचवर तो तारीख, वेळ आणि वारा कुठून आहे हेही लिहून ठेवायचा! कवी बोदलेअरने १८५९ मध्ये याचं कौतुक केलंय. १८७४ च्या त्या प्रदर्शनात बूदँचीही चित्रं होती.

शिष्याने मात्र आपल्या चित्रावर सहीशेजारी नुसतं ७२ लिहिलं. मग डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्य क्षितिजापासून किती वर आहे, भरती कधी होती (मोठी जहाजं भरतीलाच आत यायची), धूर कुठल्या दिशेला चाललाय, त्या दिवसांच्या हवामानाच्या नोंदी काय सांगतात हे सगळं जुळवलं आणि २०१४ मध्ये सांगितलं की बहुधा १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी ७ वाजून ३५ मिनिटं, जागा ल हाव्रमधल्या हॉटेलची खिडकी. घाईत उरकलेल्या चित्रातून इतकं निघतं का सांगा. ते बंदर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं, ती पहाट आता या कॅनव्हासवरच आहे.

चित्राचे हालही कमी झाले नाहीत. ओशदे नावाच्या व्यापाऱ्याने ते ८०० फ्रँकला घेतलं, त्याचं दिवाळं निघालं, १८७८ मध्ये फक्त २१० फ्रँकला गेलं. १९८५ मध्ये पॅरिसच्या मार्मोताँ म्युझियममधून बंदुकीच्या धाकावर चोरलं, १९९० च्या शेवटी कॉर्सिकात सापडलं. आता परत तिथेच आहे.

तर विनंती एवढीच की येत्या कुठल्याही रविवारी, जाहिरातीचं पान रंगीत असतं त्याच्या मागच्या बाजूला का होईना, हे चित्र रंगीत छापा. फार मोठं नको, मूळ चित्रच ४८ बाय ६३ सेंटीमीटर आहे. आणि शेजारी बूदँचं एखादं आभाळ छापा, तेही रंगीत, म्हणजे वाचकांना गुरूचं आणि शिष्याचं एकत्र बघता येईल.

आपला,
एक जुना वाचक