सील न फुटलेली बाटली

नाशिक,
रथसप्तमीचा दुसरा दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला जे बोलायचं असतं ते तू "बाबा, मीटिंग आहे" म्हणून ठेवून दिल्यावर आठवतं, म्हणून पत्र लिहितोय. आईने दोन अटी घातल्यात. एकच पान लिहायचं आणि गोळीचा विषय काढायचा नाही. पहिली अट मोडणार हे दिसतंच आहे, हल्ली माझं अक्षर मोठं झालंय. दुसरी पाळतो.

काल सूर्यनमस्कारांना सगळा वर्ग जमला होता. थंडी अजून हटलेली नाही, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. नमस्कार झाल्यावर बँकवाले काका म्हणाले, "मॅडम परत कधी येणार?" मॅडम म्हणजे तू. संक्रांतीला आलीस तेव्हा तू जो वर्ग घेतलास, त्याचं कवतिक अजून चाललंय. काकांचा गुडघा वीरभद्रासनात नेहमी आत पडतो. मी वर्षानुवर्षं "गुडघा बाहेर, गुडघा बाहेर" असं ओरडत आलोय. तू ओरडली नाहीस. "काका, करंगळीच्या बाजूने जमीन दाबा" एवढंच म्हणालीस आणि गुडघा मुकाट जागेवर आला. मी मागच्या सतरंजीवर होतो. छाती भरून आली होती, पण चारचौघांत काय बोलणार? म्हणून उगाचच "श्वासाकडे लक्ष द्या" म्हणालो.

ऋषिकेशहून आल्यापासून तुझ्यात जे बदललंय ते मला दिसत नाही असं समजू नकोस. ताटावर बसलीस की फोन दुसऱ्या खोलीत. मांडी घालून, सावकाश, घास मोजल्यासारखा चावून जेवतेस. रात्री दहाला दिवा बंद. आईला झोपेआधी भ्रामरी करायला शिकवलंस. आता रोज रात्री आपल्या घरात भुंगा शिरतो, आणि तिला खरंच लवकर डोळा लागतो. हे मी तिला इतकी वर्षं सांगत होतो, पण नवऱ्याचं कोण ऐकतं? ते तू केलंस. २०० तासांचा तो कोर्स मला आधी फॅशन वाटला होता, आता वाटत नाही.

एवढं शरीराचं ऐकतेस, मग मनू, सकाळी तुझ्या पापण्या सुजलेल्या असतात ते शरीर काय सांगतं?

बघ, निघालाच विषय.

तू निघायच्या आदल्या संध्याकाळी आईचे वाणाचे डबे ठेवायला मी तुझ्या कपाटाचा खालचा खण उघडला. जुन्या स्वेटरखाली थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली होती, मीच दसऱ्याला आणून दिलेली, शंभर गोळ्यांची, सील न फुटलेली. मी फक्त विचारलं. तू म्हणालीस, "नवरात्रापासून बंद केलीय. मी बरी आहे. बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, शरीर स्वतःला बरं करतं."

शिकवलं. तुला सर्दी झाली होती तेव्हा, चौथीत असताना, आणि तू शाळा बुडवायला रडत होतीस. सर्दीबद्दल मी आजही तेच म्हणेन.

थायरॉइडचं तसं नाही. तुझ्या शरीराची संरक्षण करणारी फौजच त्या ग्रंथीवर उलटली आहे, हे डॉक्टरांनी बारावीच्या वर्षी चित्र काढून दाखवलं होतं. ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवायची, तेच गोळीत आहे. तू "केमिकल" म्हणालीस. अगं, गोळीतला रेणू आणि माझ्या किंवा तुझ्या आईच्या गळ्यात तयार होणारा रेणू एकच आहे. बाहेरचं काही शरीरात कोंबणं नाही ते. कमी पडतंय तेवढं भरून देणं आहे.

आणि "मी बरी आहे" याचंच मला भय वाटतं. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडली की पहिले काही आठवडे काहीच होत नाही. उलट माणसाला वाटतं, बघा, उगाच खात होतो. त्यात सकाळी आसनं, रात्री वेळेवर झोप, म्हणजे उत्साह वाढलेला असतोच. पुढे हळूहळू थंडी वाजायला लागते, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, केस जातात, दुपारी डोळे मिटतात. तू सकाळी दहालाही शाल सोडत नव्हतीस. गुळाची पोळी अर्धी टाकलीस, तू! न्हाणीघराच्या जाळीतले केस मीच काढले, आईला दाखवले नाहीत. निघताना तुझा हात हातात घेतला तो काही निरोपापुरता नव्हता, नाडी बघत होतो. मंद लागली.

वर्गात मी सर्वांगासन शिकवतो हे तुला माहीत आहे. खांद्याखाली घड्या घातलेली चादर, मान मोकळी, पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीने. फायदे आहेत त्याचे. पण गळ्यावर हनुवटी टेकली की थायरॉइड जागा होतो, असं मी कुणाला सांगत नाही. तसं सांगणारे पुष्कळ आहेत, मोबाइलवर तर रोज एक. त्यातल्या एकानेही कुणाचा रिपोर्ट आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवून दाखवलेला मला आठवत नाही.

तू म्हणालीस, आकड्यांवरून माणूस कळत नाही. मग लोणावळ्याला कशाला गेलो होतो आपण? कैवल्यधाम आठवतं? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते सुरू केलं तेच योग प्रयोगशाळेत तपासून बघायला. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, क्ष-किरणाखाली पाहिलं. 'योग मीमांसा' हे नियतकालिकही त्याच वर्षी काढलं, मोजलेलं लोकांपुढे ठेवायला. ते मोजायला घाबरले नाहीत. योग ही काही नाजूक वस्तू नाही, की रक्त तपासलं आणि मोडली.

आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की लोक काय विचारतात? पाऊस किती झाला, धरणातून किती सोडलं, हे नंतर. आधी विचारतात, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? २००८ च्या सप्टेंबरात तू माझ्या खांद्यावर बसून पाहिलं होतंस. तसा रक्ततपासणीतला टीएसएचचा आकडा आहे. ग्रंथी मागे पडली की मेंदूतली पिट्यूटरी तिला ढोसायला जास्त टीएसएच सोडते, म्हणून आकडा चढतो. मनू, मी तुझ्याशी वाद घालत नाही. एकदा मारुती बघून ये, एवढंच म्हणतोय. गोळीशिवाय आकडा जागेवर असेल तर मी सगळ्या वर्गाला पेढे वाटीन आणि पुन्हा ब्र काढणार नाही.

आता आई म्हणेल, यांनी परत वर्ग घेतला. घेतला खरा. माफ कर. निवृत्त माणसाला ऐकणारं कुणी लागतं.

तुला आठवतं की नाही, लहानपणी तू माझ्याबरोबर वर्गाला यायचीस, सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून. मी तेव्हा योग विद्या धाममध्ये शिकत होतो, सकाळची पाळी असली की संध्याकाळच्या वर्गाला जायचो. बाकीची माणसं शवासनात शांत पडायचा प्रयत्न करायची आणि तू खरीखुरी झोपायचीस, घोरायचीससुद्धा. आमचे शिक्षक म्हणायचे, या मुलीला काही शिकवायचं शिल्लक नाही. घरी परत नेताना तुला खांद्यावर टाकून मी एका हाताने सायकल ढकलायचो, अशोकस्तंभाचा चढ त्या वेळी मला जाणवायचाही नाही.

आणि बारावीचं ते वर्ष. पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली तू. शेवटी डॉक्टरांनी तुझ्या गळ्याला हात लावला, रक्त घेतलं, गोळी सुरू झाली. पुढची तपासणी व्हायच्या आतच एका रविवारी तू सायकल काढलीस आणि कुणाला न सांगता सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत जाऊन आलीस. आई रागावली होती. मी गॅलरीतून तुला फाटकातून आत येताना पाहिलं, घामाने निथळत, लाल तोंडाने. मला त्या दिवसापासून त्या पांढऱ्या चिमुकल्या गोळीबद्दल आदर आहे, काय करू?

माईआत्याच्या उजव्या हाताबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तिनेही कडू काढा सुरू करून बीपीची गोळी ठेवून दिली होती, तिलाही छान वाटत होतं. तू त्या वेळी होस्टेलवर होतीस. रात्रीचा दवाखाना तू पाहिला नाहीस, मी पाहिला.

थोडं कामाचं लिहितो, ते तरी वाच. उठल्यावर आधी नुसत्या पाण्याबरोबर गोळी. मग तुझी आसनं, प्राणायाम, जे काय तासभर चालतं ते. मग चहा. म्हणजे रिकाम्या पोटी घ्यायचा नियमही पाळला जातो आणि साधनाही होते, दोघांचं भांडणच नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांच्या अंतराने. तू दुधाऐवजी सोयाचं दूध घेतेस, तेही गोळी शोषू देत नाही, लगेच पिऊ नकोस. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेव, नाहीतर रिपोर्ट खोटा येतो. तुझ्या त्या डबीतल्या अश्वगंधाचं डॉक्टरांना सांग, लपवू नकोस, तिनेही थायरॉइडचे आकडे हलतात. सैंधवाचं तुझं ऐकून आईने महिनाभर तेच वापरलं. आता आपल्याकडे परत साधं आयोडिनचं मीठ आलंय. तुझा आजार मिठाने बरा होणार नाही, पण सैंधवात सहसा आयोडिन घातलेलं नसतं आणि आईने आयोडिन सोडायचं काही कारण नव्हतं.

आणि हो, मधे इतके महिने गेलेत, तर जुन्या बाटलीतली गोळी आपली आपण सुरू करू नकोस. आधी तपासणी, मग तिथले डॉक्टर ठरवतील किती मिलिग्रॅम... मायक्रोग्रॅम. गोळी सुरू झाली की ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्त. मी इथून डोस सांगणारा बाप होणार नाही.

पुढेमागे लग्न, मूलबाळ करशील न करशील, तो तुझा प्रश्न. पण पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पहिल्या काही महिन्यांत काम करत नसते, ते आईच्याच थायरॉक्सिनवर असतं. हे वाक्य खोडणार होतो. खोडत नाही. आईला मात्र सांगू नकोस की मी लिहिलं.

तुला राग आला असेल तर येऊ दे. स्टेशनवर तू खिडकीतून बाहेर बघितलं नाहीस तेव्हा मला वाटलं, ही पोर अगदी माझ्यावर गेली. मीही वडलांशी असाच भांडायचो. ते औंधच्या राजेसाहेबांच्या पद्धतीचे नमस्कार घालायचे, चष्मा मात्र लावायचे नाहीत, म्हणायचे डोळे कमकुवत होतात. आजी त्यांना पेपर वाचून दाखवायची. शेवटी मी चष्मा करून आणला आणि त्यांच्या पोथीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी नाकावर होता. त्यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही.

पार्सल आजच टाकतोय. बुधवारच्या बाजारातून गंगेवरून आईने नागली आणली होती, त्याचं पीठ आहे, पापड आहेत, थोडी भगर. द्राक्षं पार्सलमध्ये टिकणार नाहीत, ती इथे येऊन खायची. होळीला रजा मिळते का बघ. बँकवाल्या काकांना मी "येईल बहुतेक" असं सांगून बसलोय.

तुझा,
बाबा

ता. क. : पापडांच्या खाली तुझी थायरॉइडची फाइल ठेवली आहे. बारावीपासूनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेत, नवीन डॉक्टरांना लागतील. आईला वाटतंय पार्सलमध्ये फक्त खाऊ आहे.