केडलस्टनची फेरी, तुमच्या चालीने

डर्बी,
रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुडघ्याचं कारण सांगून तुम्ही यंदाही तिकीट काढू दिलं नाहीत. म्हणून आज एक प्रयोग केला. इथून जवळच असलेल्या केडलस्टन हॉलच्या आवारातली साधारण तीन मैलांची फेरी तुमच्या चालीने चालून आले. एकदा बाकावर टेकले, एकदा पडलेल्या ओंडक्यावर, आणि एकदा नुसतीच उभी राहून ‘जरा थांब गं’ म्हणायला कुणी नाही म्हणून स्वतःलाच म्हटलं. एरवी दीड तास लागतो, आज अडीच लागले. दम लागला नाही.

बाबा, हे कर्झनचं घर. होय, तोच कर्झन. बंगालची फाळणी शिकवताना तुमचा आवाज चढायचा आणि गोखल्यांनी 1905च्या बनारस काँग्रेसमध्ये त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी केली, हे सांगताना पुन्हा खाली यायचा. तो इथेच 1859 मध्ये जन्मला आणि इथल्याच चर्चमध्ये पुरलेला आहे. घर अठराव्या शतकातलं, वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमच्या हातचं. गंमत म्हणजे कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस याच घरावरून बेतलं. इथे चार कोपऱ्यांना चार पंख, म्हणजे जोडइमारती, काढायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात दोनच झाले. कलकत्त्याला मात्र चारही बांधले. म्हणजे अस्सल अर्धवट आणि नक्कल पूर्ण! व्हाइसरॉय होऊन हा गृहस्थ कलकत्त्याला पोचला तेव्हा आपल्याच घराच्या मोठ्या आवृत्तीत राहायला गेला.

आई, आता तुझ्यासाठी. डॅफोडिल सुकायला लागलेत, पण झाडांखाली ब्लूबेल आलेत. कासला सीतेची आसवं फुलली की कसा निळा-जांभळा धूर जमिनीलगत पसरल्यासारखा दिसतो, तसंच. फक्त इथे डोक्यावर झाडं असतात आणि पानं पुरती फुटायच्या आत या फुलांना आपलं काम उरकायचं असतं, कारण नंतर खाली ऊन पोचत नाही. कुरणात मेंढ्यांची कोकरं होती, अंगावर रंगाने आकडे टाकलेली. घराजवळची हिरवळ आणि कुरण यांच्यामध्ये कुंपण दिसत नाही, तरी एकही मेंढी अलीकडे येत नाही. जवळ गेल्यावर कळतं की तिथे चर खणून त्यात भिंत लपवलीय, म्हणजे खिडकीतून पाहणाऱ्याला सलग हिरवं दिसावं. त्या चराला इथे ‘हा-हा’ म्हणतात. खरंच, हेच नाव आहे.

तळ्याकाठी मासे धरायचा छोटा बंगला आहे. घरातल्या बायकांना उन्हात न जाता वरच्या खिडकीतूनच गळ टाकता यावा, म्हणून बांधलेला. तुला तो आवडला असता. आणि मासे साफ कोण करायचं, हेही तूच विचारलं असतंस.

पण सगळ्यात जास्त वेळ मी चर्चपाशी थांबले. घराला अगदी खेटून आहे ते. पूर्वी त्याच्याभोवती केडलस्टन गाव होतं. घर बांधताना नजारा बिघडतो म्हणून मालकाने गावच उचलून दुसरीकडे हलवलं, रस्तासुद्धा. चर्च तेवढं राहिलं. आई, तुझं आजोळ धोम धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा आजी महिनाभर नीट जेवली नव्हती, असं तू सांगतेस. तिथे निदान शेतांना पाणी तरी मिळालं. इथे काय मिळालं, तर खिडकीतून छान दिसायला लागलं. आणि आज मीही त्याच ‘छान’चे फोटो काढत होते. फोटो पाठवते आहे, पण हे ठाऊक असू दे.

चर्चच्या आत कर्झनची बायको मेरी आणि तो स्वतः, दोघांचे संगमरवरी पुतळे शेजारी-शेजारी आडवे आहेत. ती 1906 मध्ये गेली. 1903च्या दिल्ली दरबारात तिने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख घरात ठेवलाय. जरीकाम आपल्याकडच्या कारागिरांचं, आणि प्रत्येक डोळ्यात भुंग्याच्या पंखाचं हिरवं चमचमतं कवच टाचलेलं. अंधाऱ्या खोलीत जपून ठेवलाय. बाबा, जुन्या वास्तू जपायचा 1904चा कायदाही त्याचाच, हे तुम्ही फाळणीच्या धड्यानंतर नेहमी नाइलाजाने सांगायचात, ते आठवलं.

तर पुढच्या वर्षी एप्रिलअखेर या. आधी येऊ नका, चिखल असतो. पूर्ण फेरी नको असेल तर तळ्यापर्यंत जाऊन परत फिरू. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या तुम्ही आजही दोनदा उतरता, हे आईने मला सांगितलंय. त्यामुळे गुडघ्याचं कारण चालणार नाही. काठी मात्र आपलीच आणा, इथल्या काठ्या तुमच्या उंचीला लांब पडतात.

आई, लोणच्याची बरणी घट्ट बांध. मागच्या वेळचा तेलाचा डाग बॅगेवर अजून आहे.

तुमची,
मनू